काविळीचं पथ्य

चाळिशी ओलांडल्यावर परदेशातल्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा द्यायची म्हणजे लोकांच्या मते डोक्यावर परिणाम झाल्याचंच लक्षण. नवरा म्हणाला, हौस असेल तर कर बाई. हॉस्पिटलातल्या ज्युनिअर पोरी म्हणाल्या, ताई, आता गुडघे सांभाळा. मी ऐकते थोडीच. इतकी वर्षं नाशिकच्या खासगी हॉस्पिटलांत ‘सिस्टर, इकडे या, सिस्टर, तिकडे जा’ ऐकून माझे कान किटले होते. कॉलेज रोडवर एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर क्लास होता. सकाळची ड्युटी संपली की पंचवटीतल्या घरी जायच्या आधी मी तिथे जाऊन बसायचे, निम्म्या वयाच्या पोरींच्या रांगेत.

शिकवणाऱ्या मॅडम आखातात नोकरी करून आलेल्या. जिभेला हाड नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर प्रश्न लिहिला: पेशंट विचारतो, मी यातून वाचेन ना? नर्स काय म्हणेल? खाली चार उत्तरं. सगळ्या वर्गाने एकमुखाने पहिलं निवडलं, ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल.’ मॅडम म्हणाल्या, सगळ्या नापास. परीक्षेत ‘काळजी करू नका’ दिसलं की डोळे झाकून खोडायचं. ते खोटं आश्वासन. पेशंटचं तोंड त्याने बंद होतं.

मी म्हणाले, मॅडम, आमच्याकडे सलाईन लावण्यापासून मयत हलवण्यापर्यंत तेच एक वाक्य चालतं. काही होत नाही आजी, काही होत नाही बाबा. ते नाही म्हटलं तर नातेवाईक अंगावर येतात.

“म्हणूनच तुम्ही लोक त्या प्रश्नावर नापास होता,” त्या म्हणाल्या. “पेशंटला काय माहीत करून घ्यायचंय ते आधी विचारा. आणि खरं सांगा. पेशंट आधी, नातेवाईक नंतर. एवढं डोक्यात घुसलं तरी पुष्कळ.”

माझी आई तेव्हा सटाण्याजवळच्या गावी मोठ्या भावाकडे असायची. दादाची डाळिंबाची बाग, खाऊनपिऊन सुखी माणूस, आईवर जीव. आईला कावीळ झालीय, असं तो फोनवर म्हणाला होता. मालेगावला दाखवलं, औषध चालू आहे, शिवाय गावातल्या बाईने काविळीची माळ डोक्यावर ठेवली, ती रोज खाली उतरते, म्हणजे कावीळ उतरतेय. मी नर्स आहे, माळेवर माझा विश्वास नाही, पण त्याच्या बोलण्यावर होता. आईला विचारलं तर म्हणायची, बरी आहे, फक्त अंगाला खाज सुटते.

मग एका दुपारी क्लासमध्ये सराव परीक्षा होती. प्रश्न आला: साठीच्या पुढची बाई, डोळे पिवळे, पोटात दुखत नाही, अंगाला खाज, शौचाचा रंग मातीसारखा, वजन उतरलेलं. नर्सने कशाचा संशय घ्यावा? उत्तर मला येत होतं. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ. मी टिक केली आणि पुढच्या प्रश्नावर जाता येईना. ती बाई माझ्या आईसारखी नव्हती, ती माझी आईच होती. मी जिन्यात जाऊन दादाला फोन लावला. म्हटलं, आईचं वजन किती उतरलंय? शौचाचा रंग विचारला. तो म्हणाला, “तुला कुणी सांगितलं?”

त्याला सगळं आधीपासून माहीत होतं. कॅन्सर होता, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. मला का सांगितलं नाहीस म्हटल्यावर सरळ म्हणाला, “तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तू जाऊन तिला सांगशील.” घरात एक पोरगी नर्स, गावातल्या शेजारणी बीपीच्या गोळ्यासुद्धा तिला विचारून घेतात, आणि तिच्या आईचा आजार तिच्यापासूनच लपवायचा. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. अजूनही उतरलेला नाही.

पित्ताचा रस्ता मोकळा करायला नळी बसवायची होती, म्हणून दादा आईला नाशिकला घेऊन आला. नळी बसली, डोळ्यांचा पिवळेपणा कमी झाला, आणि आई माझ्याकडे राहिली. दादाने दारातच अट घातली, कावीळच म्हणायचं. मी म्हटलं, तिने विचारलं तर? तो म्हणाला, ती कशाला विचारेल, तिला मी सांगितलंय ना.

कावीळ म्हटली की पथ्य आलं. तेल बंद, तिखट बंद, हळदसुद्धा बंद. फोडणी नसलेली मुगाची खिचडी, उसाचा रस, साखर घातलेलं ताक. माझी आई म्हणजे बागलाणातली बाई, जेवणात मिरची झणझणीत नसेल तर ताट सरकवणारी. पापडाच्या पिठाची लाटीसुद्धा तेल-तिखटात बुडवून खायची. ती आता गुमान पांढरी खिचडी गिळत होती, बरी व्हायचं म्हणून. कधी चुकून माझ्या भाजीचा वास आला तर नाकाला पदर लावायची. “मन चळतं,” म्हणायची.

डॉक्टरांनी मला आणि दादाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, आता काय हवं ते खाऊ द्या. हे वाक्य आमच्याकडे सगळ्यांना कळतं. म्हणूनच दादा म्हणाला, “पथ्य अजिबात सोडायचं नाही. काय हवं ते खा म्हटलं की तिला लगेच समजेल.” म्हणजे एका खोट्याला टेकू द्यायला माझ्या आईने शेवटचे महिने बेचव खायचं. मी त्याला म्हटलं, दादा, तू तिला जगवत नाहीयेस, तू तिला उपाशी ठेवतोयस. तो रडायला लागला. पुरुषमाणूस रडला की आपल्याकडे वाद संपतो. मीही गप्प बसले, पण ठरवलं, तिने एकदा विचारलं की मी सांगणार. आपण होऊन तिच्या अंगावर टाकायचं नाही, आणि विचारल्यावर लपवायचं नाही. तिच्या हातात काही दिवस होते, ते कसे काढायचे हे तिचं तिने ठरवायचं. मला एवढंच हवं होतं.

तिने विचारलं एका दुपारी, मी खिचडी भरवत होते तेव्हा. आई आमच्याशी एरवी साधं मराठी बोलायची, पण आतलं काही बोलायचं असलं की अहिराणीवर यायची. म्हणाली, “माले काय शे?”

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, “आई, तुला काय वाटतंय?”

“कावीळ नही शे,” ती म्हणाली. “कावीळ इतके दिवस राहत नाही. तू सांग.”

मी सांगितलं. गाठ कुठे आहे, नळी कशासाठी बसवली, काय होऊ शकतं आणि काय होऊ शकत नाही. पुस्तकात लिहिलंय तसं, सोप्या शब्दांत, मध्ये थांबत. काळजी करू नको असं एकदाही म्हटलं नाही. ती ऐकत होती. मग तिने माझ्याच पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, बरं झालं सांगितलंस. मला वाटलं, सुटले. मला वाटलं, आता ती म्हणेल गावी ने, भाकरी थाप, माझ्या बहिणीला बोलव.

ती म्हणाली, “तुना भाऊले सांगू नको.”

“काय सांगू नको?”

“मला समजलंय ते. तो बिचारा किती आटापिटा करतोय. मला कळू नये म्हणून हसत येतो. त्याचं मन मोडेल.”

मी म्हटलं, बरं, नाही सांगत, पण आता पोटभर खा तरी. मी उठले, हिरव्या मिरच्या भाजल्या, लसूण टाकला, खलबत्त्यात ठेचा केला, वर कच्चं तेल ओतलं, गरम भाकरीबरोबर तिच्यापुढे ठेवला. घरभर वास. आई ताटाकडे बघत राहिली. मग तिने ते ताट माझ्याकडे सरकवलं. दादा रोज संध्याकाळी फोन करून काय खाल्लं ते विचारायचा, आणि खाण्याबद्दलचं खोटं तिला त्याच्याशी कधी जमलं नव्हतं, चोरून खाल्लेलं तो आवाजावरून ओळखायचा. खाल्लं तर सांगावं लागेल, सांगितलं तर त्याला कळेल. म्हणून नाही खायचं. “तू खा,” म्हणाली, “मी बघते.” मी खाल्लं. तिच्यासमोर बसून भाकरी संपवली.

त्यानंतर अखेरपर्यंत तिने पथ्य मोडलं नाही. मी भांडले, समजावलं, रागाने एकदा भांडीही आपटली. ती म्हणायची, आता सवय झाली. दादा आला की हसून म्हणायची, उतरतेय रे कावीळ. तोही हसायचा. ही दोघं एकमेकांसमोर बसून हसायची आणि मी स्वयंपाकघरात खिचडीला मीठ किती घालू याचा विचार करत उभी असायचे. दादाला सांगायची मला मुभा नव्हती. पेशंटने विश्वासाने सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय नातेवाइकांना सांगायचं नाही, हेही परीक्षेला असतं. त्या धड्यात माझे मार्क कधी गेले नाहीत.

परीक्षा मी त्याच दिवसांत दिली आणि पास झाले. आईला पेढा दिला, तर तिने पथ्य म्हणून अर्धाच घेतला.

शेवटच्या दिवसांत दादाने तिला गावी नेलं, आणि ती त्याच्याच घरी गेली, त्याच्या मांडीवर. भेटायला माणसं यायची. दादा ओट्यावर बसून प्रत्येकाला तेच सांगत होता, “आम्ही तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. कावीळ समजूनच गेली. सुखात गेली.” बाया माना डोलवायच्या, नशीबवान म्हणायच्या, असा मुलगा सगळ्यांना मिळो म्हणायच्या. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा त्याने माझ्याकडे बोट केलं आणि कौतुकाने म्हणाला, “हिच्या घरी राहिली, ही नर्स, तरी पत्ता लागू दिला नाही. विचारा हिला.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या आईला दिलेला शब्द माझ्या जिभेवर बसला होता.

“हो,” मी म्हणाले. “तिला काही कळलं नाही.”