नंदीची पाठ

आमच्या हिरेकेरीत सांगण्यासारखं एकच आहे, तळं. सोलापूरच्या दक्षिणेला, खोलगट काळ्या रानात साचलेलं. पूर्वेला बांध, पश्चिमेला नगरपंचायत. निम्मं गाव चिंचोळी एमआयडीसीच्या पगारावर जगतं, उरलेलं तळ्यावर. म्हणजे पाण्यावर नव्हे. पाणी हटलं की उघड्या पडणाऱ्या गाळावर.

त्या गाळात कलिंगडं लावणाऱ्यांत शरणम्मा सगळ्यांत हट्टी. नवरा गेल्यावरही तिनं आपला पट्टा सोडला नाही. बी घरचं, सासूच्या सासूपासून चालत आलेलं. सगळ्यांत गोड फळ विकायचं नाही, त्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचं. आणि वेळ ठरवायची तळ्यातल्या दगडी नंदीवरून. त्याची पाठ उघडी पडली की बी भिजवायचं. कोंब फुटेपर्यंत गाळ मोकळा होतोच.

यंदा दिवाळीनंतर ती लेकीच्या बाळंतपणाला कुर्डुवाडीला गेली. मागे नगरपंचायतीनं सुशोभीकरण उरकलं. बोटी बारा महिने चालाव्यात म्हणून कालव्याचं पाणी तळ्यात घेतलं, आणि नंदी बुडू नये म्हणून त्याला उचलून उंच चबुतऱ्यावर बसवलं. चबुतरा पाण्याखाली, नंदी वर.

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, तोंडावर आली तेव्हा शरणम्मा परतली. एसटीच्या खिडकीतून लांबूनच नंदीची पाठ दिसली. घरी पोचताच तिनं मडकं रिकामं केलं, सगळं बी भिजवून फडक्यात बांधलं, उबेला ठेवलं. तिला सांगायला कुणी गेलं नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. आमचं गाव असंच.

येळवशीला रानात आंबील शिंपडायची म्हणून ती घागर आणि बियांचं फडकं घेऊन आली. मी तिथंच फिरत होते. पाणी रस्त्याच्या कठड्याला टेकलेलं.

“बाई, माझं रान कुटं हाय?”

“त्या बोटीखाली,” मी म्हणाले. गोड करून काय सांगायचं?

नगरसेवक सोमेश लगबगीनं आला. “मावशी, बसा की बोटीत! पहिली फेरी फुकट.”

“माझ्याच रानावरनं मला फिरवतोस व्हय रे? तुझ्या बारशाला माझीच कलिंगडं कापली की तुझ्या बापानं!”

तो हसला, मग ओशाळला. “पुढच्या साली बघू काहीतरी.”

“पुढच्या साली काय पेरू? तुझं टाळकं?” तिनं फडकं सोडलं. पांढरे, नखाएवढे कोंब. “समदं भिजलं. मडक्यात एक दाणा न्हाई.”

“माझ्या परसात लाव,” मी म्हणाले.

“बाई, तुमचा तो मुरूम. तितं काय येणार?”

तरी मी लावायला लावलंच. निम्मे कोंब मुंग्यांनी नेले. बाकीचे वेल वीतभर वाढून वाळले. एक फळ धरलं नाही. ते बी आता जगात कुठंही नाही.

शरणम्मा आता चिंचोळीला एका कारखान्यात डबे पुसते. कारखान्याची गाडी तळ्याकाठूनच जाते. खिडकीसाठी बायका रोज भांडतात. ही तेवढी आतली जागा मागून घेते.