फुईने गुंफलेली वेणी

माझ्या लग्नात माझ्या डोक्यात कापसाची फुलं होती. हे सांगितलं की आजकालच्या पोरी तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. त्या लुगड्याच्या रंगाला शोभेल ते फूल माळतात. माझ्या वेणीतलं एकेक फूल अर्थ बघून निवडलेलं होतं. निवडणारी होती माझी फुई. आमच्या तापीकाठी आत्याला फुई म्हणतात.

फुईच्या नवऱ्याने लग्नानंतर तिसऱ्या वर्षी दुसरी बायको आणली आणि फुईला माहेरी आणून सोडलं. नवरा जिवंत होता, गळ्यात पोत होती, कपाळावर कुंकू होतं, तरी गावातल्या हळदीला तिला कोणी बोलवत नसे. टाकलेल्या बाईचा हात नवरीला लागला की नवरीच्याही नशिबी तेच येतं, असं सगळे मानत. माझे वडील मानत, आई मानत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फुई स्वतःही मानत असे.

मात्र फुलांतलं तिला जेवढं कळे तेवढं अख्ख्या पंचक्रोशीत कोणाला कळत नव्हतं. मोटेचं पाणी ज्या थारोळ्यात पडे, त्याच्या कडेने तिने झेंडू, शेवंती, गुलाब लावले होते. मार्गशीर्षात माझं लग्न होतं; चार दिवस आधी ती मला हाताला धरून तिथे घेऊन गेली. आईला वेणीत गुलाब हवे होते. फुईने मान हलवली. ‘‘गुलाब तोडतांना टोचस. लगीनमा नको.’’ जास्वंद संध्याकाळी मिटते, म्हणून तीही नको. झेंडू घ्यायचा, कारण त्याची पाकळी कुठल्याही मातीत पडली तरी रुजते, आणि पोरीला परक्या मातीतच रुजायचं असतं. शेवंती घ्यायची, कारण ती वाळते पण पाकळी सोडत नाही. मग ती बांध ओलांडून थेट कापसात शिरली. उशिराची दोन-चार पिवळी फुलं अजून झाडावर होती.

‘‘हाई फूल आज पिवयं, सकाय लाल. हयद आनि कुकू एकाच फूलमा,’’ ती म्हणाली. ‘‘आनि फूल गयं तरी बोंड ऱ्हास. रूप गयं तरी बाईनं काम ऱ्हास.’’

हे ती सहज बोलली. पण मला तिच्याकडे बघवेना. तिच्या वाट्याला यातलं काय आलं होतं ते मला ठाऊक होतं.

लग्नाच्या दिवशी पहाटेच ती कापसातून फुलं घेऊन आली. परडी मावशीच्या पुढे ठेवली आणि स्वतः चार हात लांब जाऊन बसली. कुठलं फूल कुठे, ते ती तोंडाने सांगायची आणि मावशीने गुंफायचं, असं घरात ठरलं होतं. मावशीचा हात भाकरीला चांगला. फुलांची मात्र तिने चटणी करायला घेतली होती. देठ मोडत होते, झेंडू लोंबत होते, आणि फुई लांबून नुसती बोटं चोळत होती. माझ्या नाकावर राग लहानपणापासूनचा. मी उठले आणि आईला म्हणाले, ‘‘फुई गुंफी तं मी येनी घालसू. नही तं मोकया केसंनी उभी ऱ्हासू.’’

मोकळ्या केसांची नवरी! आईचा चेहरा पांढरा पडला. फुई माझ्यावरच ओरडली, ‘‘येडी व्हयनी का? तुन्हं लगीन शे!’’ मी जागची हलले नाही. वरात वेशीशी आली, ताशे ऐकू यायला लागले, तेव्हा आईने दार लोटून घेतलं. ‘‘कोनले सांगू नको,’’ एवढंच म्हणाली आणि परडी फुईपुढे सरकवली.

फुईने पहिली दोन फुलं दाराकडे बघत बघत गुंफली. तिसऱ्या फुलापासून तिने दाराकडे बघणं सोडलं.

मांडवात अक्षता पडल्या आणि माझी सासू मला न्याहाळायला जवळ आली. तळोद्याकडची बाई, उंच, बोलायला कडक. कापसाची फुलं बघून तिच्या भुवया वर गेल्या. ‘‘हाई येनी कोनी करी?’’

आईने घाईघाईने मावशीकडे बोट केलं. मावशी पदर सावरत मागे सरकली. नव्या नवरीने बोलायचं नसतं, मान खाली घालून बसायचं असतं. मी मान वर केली. ‘‘मन्ही फुईनी करी. तीच, जिले नवरानी टाकी दिधं.’’

ताशे चालू होते म्हणून बरं, नाहीतर लोकांचं कुजबुजणं वेशीपर्यंत गेलं असतं. वडिलांनी डोळे मिटून घेतले. मला भीती वाटत होतीच. पण खरं सांगते, आयुष्यात इतका अभिमान मला परत क्वचितच वाटला. मी फुईची लाज बाळगायला नकार दिला होता, आणि तोही भर मांडवात.

सासूने वेणीतलं एकेक फूल बोटाने चाचपून पाहिलं. मग म्हणाली, ‘‘तिले आठे बलाव.’’

फुई आली. डोक्यावरचा पदर तिने डोळ्यांपर्यंत ओढला होता. आता शिव्या ऐकायच्या, अशा तयारीने ती उभी होती.

‘‘एक फूल ढिलं शे,’’ सासू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. ‘‘नीट कर.’’

फूल काही ढिलं नव्हतं. फुईची गाठ कधी ढिली पडत नसे, आणि सासूला ते दिसत होतं. फुईने सगळ्यांदेखत माझ्या केसांत हात घातला, चांगली बसलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. तिची बोटं मानेला लागली तेव्हा मी रडायला लागले. बायकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडते आहे.

पुढच्या लग्नसराईत आमच्या गल्लीत तीन लग्नं निघाली. तिन्ही घरच्या बायका वेणीसाठी फुईला बोलवायला आल्या. दोन ठिकाणी ती गेली. तिसरीला तिने सांगितलं, ‘‘माले टाइम नही.’’