अस्वलाचं सुतक

मी एकदा अस्वलाच्या मयताला पिठलं-भात घेऊन गेले होते. वर रडलेही होते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत ही गोष्ट इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितली आहे की मी लपवली तरी तुम्हाला कुठून ना कुठून कळायचीच.

तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली होते. शाळेत शिकवत होते, नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला होता. लोकव्यवहार आपल्याइतका कुणालाच कळत नाही असा मला दाट भ्रम होता. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची आणि खाली अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत पेंटर राहायचे. हरसूलकडचे. गावी कुणी उरलेलं नव्हतं. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर आणि चौकात लावायचे श्रद्धांजलीचे बोर्ड रंगवून त्यांचं चालायचं. त्यांचं नाव कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

एका रविवारी भाजी घेऊन येताना त्यांच्या दाराशी एक बोर्ड वाळत टेकवलेला दिसला. चित्रावर धूळ बसू नये म्हणून वर्तमानपत्राचा आडोसा केला होता. खाली ठळक अक्षरं: ‘आमचे लाडके दादासाहेब यांस कड्यावरून पडून देवाज्ञा झाली. प्रेमळ, मनमिळाऊ, परोपकारी.’ त्याखाली ‘शोकाकुल’, आणि पुढे कोरं. गिऱ्हाइकाचा बोर्ड असता तर कुणीतरी घाईनं घेऊन गेलं असतं. हा तर त्यांच्याच दाराशी. म्हणजे थोरला भाऊ गेला, असं माझ्या हुशार डोक्यानं ठरवलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारणीनं पिठलं-भात न्यायचा असतो. अर्ध्या तासात मी डबा घेऊन त्यांच्या उंबऱ्यावर बसले आणि पदर डोळ्यांना लावला.

“फार यातना झाल्या का हो?”

“नाही. पडताना जरा ओरडले,” पेंटर म्हणाले.

“आणि मुलंबाळं?”

“पोरं लय हसली.”

मी पदर खाली घेतला. “हसली?”

“टाळ्या पण वाजवल्या.” मग त्यांनी अलगद वर्तमानपत्र उचललं. मुकुट घातलेलं एक अस्वल होतं. डोळे खोबणीबाहेर, चारही पाय अजून हवेत पळत असलेले.

मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर ते एवढंच म्हणाले, “बाई, भात निवतोय.” आणि खाली बसून सगळा डबा जेवले, कडेचं पिठलं बोटानं पुसून. उठताना म्हणाले, “या अस्वलासाठी रडलेल्या तुम्ही पहिल्याच. शोकाकुलमध्ये तुमचं नाव घालू?”

“खबरदार!” मी म्हणाले. “मी कोण लागते त्याची?”

त्याचं असं होतं की केबल तेव्हा नवीन होती. पेंटरनी एक जुना टीव्ही घेतला होता आणि दुपारी गल्लीतली पोरं त्यांच्या खोलीत कार्टूनचे सिनेमे बघायला जमायची. पोरं पडद्याकडे बघायची, पेंटर पोरांकडे. कोण कसा मेला आणि पोरं किती हसली, याची त्यांच्याकडे एक वही होती. “यांच्या सिनेमात नायक कुणाला मारत नाही, बाई,” ते म्हणायचे. “दुष्टाचाच पाय घसरतो. एवढे पाय तर शेवाळलेल्या गोदाघाटावर पण घसरत नाहीत. आणि खाली आपटलेला कधी दाखवत नाहीत. दाखवला तर हसता येणार नाही ना.” आता माझी नात मोबाइलवर असलंच काही बघून खिदळते, तेव्हा मी विचारते, “अगं, तो खाली पोचला का?” ती म्हणते, आजी, तू फार बोअर करतेस.

वहीत नोंद झाली की बोर्ड व्हायचा. कपाटाखाली सापडून पापड झालेला एक बोका होता, त्याच्याखाली ‘साधी राहणी’ असं लिहिलं होतं. स्वतःच्याच कढईत पडलेल्या चेटकिणीला ‘अन्नदानाची विशेष आवड’ होती. सिंहासनासाठी भावाच्या जिवावर उठलेल्या बोकडाबद्दल ‘जन्मभर एका खुर्चीशिवाय काही मागितले नाही’. गावात गेलेल्या प्रत्येकालाच मनमिळाऊ आणि परोपकारी लिहावं लागतं, मग यांनी काय घोडं मारलंय, असा त्यांचा सवाल. ‘शोकाकुल’पुढची जागा मात्र प्रत्येक बोर्डावर कोरी. रडणारं माणूस मिळाल्याशिवाय ती भरायची नाही, हा त्यांचा नियम होता.

एका गणपतीत मंडळाच्या पोरांनी हौसेनं त्यांचे आठ बोर्ड हार घालून मांडवात मांडले. पहिल्या संध्याकाळी मुलं पोट धरून हसली. मग एक लहानशी मुलगी बोक्यासमोर थांबली आणि आईला विचारू लागली, “याच्या घरी कोण कोण होतं?” पुढची मुलं हसायची थांबली. पेंटर मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, एवढे खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अपशकुन नको म्हणून मोठ्या माणसांनी बोर्ड काढायला लावले. पेंटरनी ते खाटेखाली सरकवले आणि पुन्हा कुणाला दाखवले नाहीत. मला सोडून.

नवा बोर्ड झाला की जिन्याखालून हाक यायची, “बाई, आज सुतक आहे!” मी कपाळावर आठ्या घालून पिठलं टाकायची. खरं सांगते, एकटीसाठी पिठलं होत नाही, नुसत्या गुठळ्या होतात. डबा उंबऱ्यावर द्यायचा, दोन शब्द बोलायचे, वर यायचं. डबा परत यायचा घासूनपुसून, आत चिमूटभर साखर. आमच्या घरमालकीणबाई हे सगळं कठड्यावरून बघायच्या आणि नळावर सांगायच्या, “आज आमच्या बाईंचं कोण गेलं? कोल्हा का लांडगा?” मी दहा वर्षं चिडत राहिले. एकदाही पेंटरबरोबर बसून जेवले नाही. लोक काय म्हणतील! लोक म्हणतच होते, मी उगाच उपाशी राहिले.

मग फ्लेक्स आले. पेंटरच्या हातचं काम गेलं. “आता सगळे मेलेले एकाच ढगात उभे असतात, बाई,” ते म्हणाले, “आणि सगळ्यांना एकच कॉम्प्युटर हसवतो.” नंतर हाका कमी झाल्या. मी रिटायर झाले. कधी कधी मीच वरून ओरडायची, “काय पेंटर, कुणी गेलं का नाही?” ते म्हणायचे, “सध्या सगळे जिवंत आहेत.”

एका दुपारी घरमालकीणबाई धापा टाकत वर आल्या. किराणा दुकानाची जुनी पाटी रंगवताना पेंटरचा शिडीवरून पाय घसरला होता. “अहो, निळ्या रंगाचा डबा उपडा डोक्यावर! बसलेत आपले रस्त्यात, डोळे तेवढे पांढरे. चौक लय हसला!” सांगताना त्यांना हसू आवरेना. मलाही आवरलं नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले मी. पेंटर आपल्या पायांनी घरी आले, नळावर अंग धुतलं, खोलीत जाऊन पडले. मी वरून बघितलं आणि ठरवलं, उद्या पिठलं नेऊ, चांगलं चिडवू.

सकाळी त्यांनी दार उघडलं नाही.

गल्लीतल्या चौघांनी नेलं. मी वर आले, बेसनाचा डबा काढला आणि पुन्हा फळीवर ठेवला. पिठलं न्यायचं कुणाच्या घरी? खालच्या दाराला कुलूप. मी तशीच पाटावर बसून राहिले. चूल पेटवली नाही. आळस आला, असं मी स्वतःला सांगितलं.

दुपारी दार वाजलं. घरमालकीणबाई होत्या. एका हातात झाकलेलं ताट, दुसऱ्या काखेत तो पहिला बोर्ड, अस्वलाचा. खोली आवरताना खाटेखाली सापडला होता. ‘शोकाकुल’पुढची जागा कोरी नव्हती. फिकट पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘वरच्या बाई. परवानगी मिळाली की रंग भरणे.’

घरमालकीणबाईंनी ताट माझ्यापुढे सरकवलं, वरचं झाकण काढलं. पिठलं होतं, भात होता. दहा वर्षं माझी चेष्टा करणारी ती बाई माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “सुतक तुमच्याकडं हाय, बाई. जेवून घ्या, भात निवतोय.”