मागून प्यायलेलं पाणी

आमच्या खोलीत एक शिकलेली बाई आली होती आणि तिनं पाणी मागून प्यायलं होतं, ही गोष्ट माझ्या आईनं इतक्या जणींना सांगितली होती की आमच्या गल्लीत ती सगळ्यांना पाठ होती.

आम्ही मराठवाड्यातून उल्हासनगरला आलो तेव्हा शहाडच्या बाजूला एका खोलीत राहायचो. आई घरी बसून कारखान्यात शिवलेल्या जीन्सचे सुटे धागे कापायची. माल आणून देणारा माणूस गठ्ठा उंबऱ्यातून आत ढकलायचा आणि आई "चहा घ्या" म्हणाली की हातातली स्वतःच्या पाण्याची बाटली दाखवायचा. गावाकडे तर आमच्या घरचं पाणी कोण पितं आणि कोण नाही हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. इथेही फार काही बदललं नाही, एवढंच आईला त्या बाटलीतून कळायचं.

अशात त्या मॅडम आल्या. बाहेरून आलेल्या कुटुंबांचा आणि त्यांच्या मुलांच्या शाळेचा अभ्यास करत होत्या. चप्पल बाहेर काढून, पँटींचा ढीग बाजूला सारून त्या सरळ फरशीवर बसल्या.

"ताई, थोडं पाणी मिळेल?"

आई गडबडली. तिनं ग्लास राखेनं पुन्हा घासला, पदरानं पुसला. मॅडम एक घोट प्यायल्या आणि ग्लास शेजारी ठेवला. मग आई बोलायला लागली ती थांबेचना. गाव का सोडलं, माझ्या थोरल्या बहिणीची शाळा का सुटली, रेशन कार्ड अजून गावच्याच पत्त्यावर कसं आहे, सगळं. बाबांनाही न सांगितलेलं तिनं त्या बाईला सांगितलं. मी कोपऱ्यात अभ्यास करत होते. निघताना मॅडमनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"ताई, हिला थांबवू नका. हिला शिकवा."

पुढे माझी शाळा सोडवायचा विषय घरात अनेकदा निघाला. बाबा म्हणायचे, "त्या मॅडमलाच सांग की फी भरायला." आई म्हणायची, "बोलू नका तिला. मागून पाणी प्याली ती आपल्याकडं. ती खोटं कशाला सांगंल?" या एका वाक्यावर मी दहावी झाले, बारावी झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. विषयही समाजशास्त्र घेतला. मला मॅडमसारखंच व्हायचं होतं.

आता आम्ही अंबरनाथला राहतो. गेल्या वर्षी मला एका सर्वेक्षणात काम मिळालं. घरोघरी जाऊन स्थलांतर, मुलांचं शिक्षण, सरकारी योजनांचा लाभ याविषयी प्रश्न विचारायचे. त्याचं प्रशिक्षण बदलापूरला, कुळगावातल्या एका हॉलमध्ये होतं, आणि शिकवायला येणार होत्या त्याच मॅडम. आईला सांगितलं तेव्हा तिनं सकाळी उठून धपाटे केले आणि डबा माझ्या हातात दिला.

"सांग तिला, ताईनं दिलेत म्हणून. वळखंल ती. आणि बघ, काय म्हणती ते नीट ध्यानात ठेव."

मी पहिल्या रांगेत बसले. मॅडमचे केस पांढरे झाले होते, आवाज तोच.

"घरात शिरल्यावर पहिलं काम काय?" त्यांनी विचारलं. कोणी म्हणालं ओळख करून देणं, कोणी म्हणालं संमती घेणं.

"ते आहेच. पण त्याआधी पाणी मागा. तहान नसली तरी मागा. आपल्याला काहीतरी देता आलं की माणूस मोकळा होतो. चप्पल बाहेर काढा, खाली बसा, बाईला ताई म्हणा. आणि उठताना मुलांबद्दल एक चांगलं वाक्य बोला. मुलगी असेल तर, हिला शिकवा म्हणा. पुढच्या वेळी दार उघडं मिळतं."

मागून एक बदलापूरचा मुलगा ओरडला, "मॅडम, प्रत्येक घरात पाणी प्यायलं तर बाथरूमचं काय करायचं?"

हॉल हसला. मॅडमही हसल्या. "अरे, एक घोट पुरतो."

माझ्या वहीत तोवर तीन गोष्टी उतरून झाल्या होत्या. पाणी, चप्पल, ताई. चौथं, मुलीबद्दलचं वाक्य मी लिहिलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले. शहाड सांगितलं, गल्ली सांगितली, आईचं धागे कापणं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. "हो का? त्या भागात आम्ही बरीच घरं केली होती," त्या म्हणाल्या. घरं केली होती. मी डबा पुढे केला. त्यांनी धपाट्याचा एक तुकडा मोडला, "वा, छान" म्हणाल्या आणि झाकण लावलं.

जेवणानंतर त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "बघा, हिच्या घरी मी गेले होते. आज ही इथे आहे. म्हणजे पद्धत काम करते." टाळ्या वाजल्या. मी हात जोडले.

परतताना रिक्षा स्टँडच्या मागे उभी राहून मी उरलेले धपाटे खाल्ले. आईला रिकामा डबा दिसायला हवा होता.

दारातच तिनं विचारलं, "वळखलं?"

"हो. तुझी चौकशी केली."

"मग!" आई बाबांकडे वळून म्हणाली.

सर्वेक्षणातलं माझं पहिलं घर पालेगावच्या बाजूला, नव्या इमारतींच्या कामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत आलं. ऊन होतं, घसा कोरडा पडला होता, आणि मला पाणी मागता येईना. तोंडात शब्द आला की तो हॉल हसायचा. घरातल्या बाईनं स्वतःहून ग्लास पुढे केला तर मी म्हणाले, "नको, राहू दे."

तिचा चेहरा उतरला. "का वं? आमच्याकडलं चालत न्हाई व्हय तुमाला?"

बोली आमच्याच बाजूची होती. मी ग्लास घेतला आणि सगळा संपवला. तिच्या मुलीनं न विचारता पुन्हा भरून आणला, तोही प्यायले. पिता पिता मनात येत होतं, त्या दिवशी मॅडमनाही खरंच तहान लागली असेल का? तेवढं एक त्यांना विचारायचं राहून गेलं. कदाचित मला उत्तर नको होतं.

बाई मोकळी झाली, सगळं सांगत गेली. मुलगी गावाकडे शाळेत जायची, इथे धाकट्याला सांभाळते. उठताना मी मुलीकडे पाहिलं. ते वाक्य खरं होतं आणि मी त्याच वाक्यावर इथपर्यंत आले होते. न बोलता निघाले असते तर या मुलीचं काय?

"ताई," मी म्हणाले, "हिला थांबवू नका."

बाई माझ्याकडे बघत राहिली, आई तेव्हा मॅडमकडे बघत होती तशी. मी फॉर्म बॅगेत कोंबले आणि दाराबाहेरच्या चपला पायात न घालता हातात घेऊनच चालू लागले.