घोडीचा पाय हातात घेऊन ‘नको’ म्हणणारे डॉक्टर

डॉ. माधवराव शिंगटे यांची माझी पहिली भेट रियाधच्या अल मलाझ भागातल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली. मी लातूरहून नुकताच आलो होतो, इकामाही, म्हणजे राहण्याचा परवानाही, हाती पडला नव्हता. सरांनी गाव विचारले, जेवलास का विचारले आणि शुक्रवारी सकाळी तयार राहायला सांगितले.

त्या शुक्रवारी ते मला रियाधपासून दोन तासांवरच्या एका खेड्यात घेऊन गेले. हिवाळ्यात तिथे गावकऱ्यांची अडथळ्यांची घोडशर्यत होते. खजुराचे ओंडके, गवताचे भारे, पाण्याचा चर यांवरून शेतकरी, शाळामास्तर, पिकअप चालवणारे आपापली घोडी उडवतात. जिंकणाऱ्याला गावजेवणात मानाची जागा, एवढेच बक्षीस. सर या शर्यतीचे बिनपगारी डॉक्टर आहेत.

त्यांचे मोठेपण मला चार वर्षांनी, अशाच एका शर्यतीच्या दिवशी कळले. आमचे कफील, म्हणजे आम्हाला व्हिसावर आणणारे मालक, अबू फहद यांची घोडी त्या दिवशी जिंकणार असे सगळे म्हणत होते. स्वार त्यांचाच मुलगा होता. सरांनी घोडीच्या पुढच्या पायावरून हात फिरवला. नळीच्या हाडामागची शीर, म्हणजे कंडरा, गरम लागली. ही आज धावणार नाही, असे त्यांनी सांगितले. घोडी माझी आणि दवाखानाही माझा, असे अबू फहद चारचौघांत म्हणाले. सरांची मुलगी तेव्हा पुण्यात शिकत होती, तिची फी याच पगारातून जात होती. मी हळूच मराठीत म्हणालो, “सर, जाऊ द्या.”

“अरे, नको म्हणायलाच तर आपल्याला बोलावतात,” सर म्हणाले.

अबू फहद घोडी न पळवताच, न जेवता निघून गेले. आठवडाभर दवाखान्यात फिरकले नाहीत. नोकरी गेलीच असे धरून सरांच्या पत्नी सुनंदावहिनींनी घरातल्या बॅगा काढून ठेवल्या. सर मात्र रोजच्यासारखे उंट आणि मांजरे तपासत राहिले. मग अबू फहद घोडीला घेऊन आले. तपासणीत शीर अर्धी फाटलेली निघाली. मुलाच्या जिवावर बेतले असते, हे त्यांना उमगले. त्यांनी स्वतः सरांना कॉफी ओतून दिली. तेव्हापासून सरांनी पाय पाहिल्याशिवाय त्या गावात एकही घोडा सुटत नाही.

माझ्या मुलीच्या जन्मावेळी आमच्या घरच्यांना व्हिसा मिळाला नाही. तेव्हा वहिनी महिनाभर रोज डबा घेऊन आल्या, आणि डिंकाचे लाडू सरांनी स्वतः वळले. ते जरा वेडेवाकडे होते, पण तसे लाडू मी पुन्हा खाल्ले नाहीत.

सर आता साठ वर्षांचे होत आहेत. त्यांना निरामय, दीर्घ आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. शर्यतीच्या गावातल्या वृद्ध मास्तरांनीही निरोप दिला आहे: “आमच्या घोड्यांचे गुडघे डॉक्टर सांभाळतात, डॉक्टरांचे अल्लाने सांभाळावेत.”