नको असलेला पाऊस

गाडीमागे जोडलेलं आमचं फिरतं घर जाईल तिथे पाऊस पडतो. राजस्थानात पडला, कच्छच्या रणातही पडला. बायको म्हणते, आपण सुट्टीवर जात नाही, ढग पोचवायला जातो.

हेच रडगाणं मी आष्टीजवळ कडुलिंबाखाली, पुढे निघता निघता, एका मेंढ्या राखणाऱ्या मावशींना ऐकवत होतो. यंदा पाऊस लांबला होता. मेंढ्या वाळक्या काड्या चघळत होत्या आणि मावशी मिश्री घासत होत्या. त्या पचकन थुंकल्या.

"जाईल तिथं पडतो?"

"हो ना!"

"मंग निघायची घाई कावून?"

त्यांनी चाकापुढे धोंडा लावला. लिंबाचे डहाळे तोडून आमच्या टपावर फेकले. मग पायरीवर चढल्या आणि पाऊस मागत दारोदार फिरणाऱ्या धोंडीवर ओततात तसा, मेंढ्यांसाठी लांबून आणलेला हंडा टपावर रिकामा केला.

टप नेहमीसारखा गळला. आतून बायको किंचाळली, "अहो, गादी!"

आम्ही दुपारभर माना वर करून बसलो. एक थेंब पडला नाही. मेंढ्या रिकामा हंडा चाटून गेल्या, तेव्हा मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशींनी मला न्याहाळलं. "तुमाला नको असतो तवाच पडतो त्यो. आज तुमाला बी पायजे झाला, म्हनून अडलंय. गादी वाळत घाला!"

आम्ही गादी उन्हात पसरली आणि आभाळाकडे अजिबात न बघता तिघंही बसून राहिलो.