न आलेल्या पाळीचे तीन दिवस

"दोनच गोळ्या, अक्का. एक आणायची, एक पुढे ढकलायची. तुम्ही डॉक्टर मॅडमना सांगितलं तर त्या नाही म्हणणार नाहीत."

पद्माबाईंनी माझ्या खोलीचं दार स्वतःच लावून घेतलं होतं. पिशवी मांडीवर. बोलताना तिचा बंद एकदा या मनगटाला गुंडाळत होत्या, एकदा त्या. कुंभकोणमहून मुलाकडच्यांचा फोन आला होता. शास्त्रींनी दोन मुहूर्त काढून दिले होते, एक मार्गशीर्षातला आणि एक वैशाखातला. मुलीच्या तारखेला कोणता सोयीचा, ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"मग तारीख सांगा," मी म्हटलं.

"तारीख असती तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

मी आहारतज्ज्ञ आहे. तंजावूरमधल्या बायकांच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात काम करते. तपासणं, गोळ्या देणं हे डॉक्टर मॅडमचं काम. काय खायचं, किती, कधी, हे सांगणं माझं. पण राजवाड्यामागच्या गल्ल्यांतल्या आमच्या मराठी घरांतल्या बायका आधी माझ्याकडे येतात. मॅडमशी तमिळमध्ये बोलावं लागतं. तमिळ सगळ्यांनाच उत्तम येतं, पण या गोष्टी घरच्या भाषेत सांगायला बऱ्या पडतात. आमची ती घरची मराठी महाराष्ट्रातल्या वाचकाला जड जाईल, म्हणून इथे पुस्तकी मराठीत लिहीत आहे. पुस्तकी मराठी मला माझ्या यजमानांनी शिकवली. आवणी अविट्टमच्या, म्हणजे आपल्या श्रावणीच्या, आधी ते गेले. घरात बसवत नव्हतं, म्हणून मी लवकरच कामावर परतले होते. कामावरही बसवत नव्हतं, ते वेगळं.

पद्माबाईंची मुलगी तारिणी बाहेर कॉरिडॉरमध्ये होती. वय सव्वीस, बँकेत काउंटरवर नोकरी. तिला पीसीओएस असल्याचं कॉलेजात असतानाच कळलं होतं. दर महिन्याला बाईच्या अंडाशयात काही बारीक फुगे वाढू लागतात. त्यातला एक पुढे जातो, पिकतो, फुटतो आणि बीज बाहेर पडतं. तसं झालं की ठरल्या वेळी पाळी येते. पीसीओएसमध्ये पुष्कळ फुगे सुरू होतात आणि अर्ध्यावर थांबतात. सोनोग्राफीत ते कडेने मांडलेल्या काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. नावात सिस्ट असलं तरी त्या गाठी नव्हेत. बीज सुटत नाही म्हणून पाळी महिनोन्‌महिने येत नाही, आणि आली की कधीकधी थांबत नाही. सोबत हनुवटीवर राठ केस, चेहऱ्यावर पुरळ, पोटाभोवती वजन. आणि मनाची तगमग, जी सोनोग्राफीत दिसत नाही.

"मागची कधी आली होती?" मी विचारलं.

"आवणीच्या आधी कधीतरी."

"पण तुमच्या नणंदबाई तर देवळात सांगत होत्या की तारिणीची तारीख घड्याळासारखी आहे."

पद्माबाईंनी पिशवीचा बंद सोडला. "त्यांना तसंच दिसतं. मीच दाखवते."

मग त्यांनी सांगितलं ते मला आधी खरं वाटेना. त्यांच्या घरी पाळी आलेल्या बाईने तीन दिवस देवघरात आणि स्वयंपाकघरात जायचं नाही, हे अजून पाळतात. नणंदबाई त्याच घरात राहतात. तारिणी दोन-तीन महिने बाजूला बसली नाही, की त्या विचारणार. विचारलं की आजार कळणार, आणि स्थळं त्याच आणतात. म्हणून दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पद्माबाई मुलीला बाजूला बसवत. पाळी नसताना. तीन दिवस वेगळं ताट, वेगळी चटई. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी. नणंदबाईंनी ती तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती आणि अगदी भरवशाने मुलाच्या आईला सांगितली होती.

"आता त्याच तारखेच्या आसपास मार्गशीर्षातला मुहूर्त येतो," पद्माबाई म्हणाल्या. "तो नको म्हणावं, तर मग वैशाखात खरंच आली तर? म्हणून गोळी. आधी आणायची, मग ढकलायची. सगळं सरळ."

मी म्हटलं, "तारिणीला आत बोलवा. आणि तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी का बाहेर? आई आहे मी."

"म्हणूनच."

तारिणी आत आली. तोंडावर मास्क. कोरोना संपून किती दिवस झाले, पण हिचा मास्क उतरला नव्हता. खुर्चीत बसली आणि उजवा गुडघा हलवायला लागली. टेबलावरचा माझा पाण्याचा ग्लास थरथरत होता.

"सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही."

"दुपारी?"

"ताक. ब्लाउजचं माप दिलंय ना, मावशी." गुडघा आणखी जोरात. "मग संध्याकाळी मिक्स्चर चिवड्याचं अख्खं पाकीट खाते. बँकेतून येताना, स्कूटी कडेला लावून. मग रडते. मग घरी जाते. लिहून घ्या हेही."

मी लिहून घेतलं नाही. तिच्या मानेकडे पाहत होते. मागे आणि बाजूंना कातडी काळसर, मखमलीसारखी जाड झालेली, आणि तीवर लाल ओरखडे.

"हे काय?"

"अम्मा नलंगुमाव लावून घासते." आमच्याकडे साबणाऐवजी अंगाला लावतात ती मूगडाळ-हळदीची पूड. "लग्नात हार घातल्यावर मान दिसेल म्हणते. नारळाच्या शेंडीनेही घासून पाहिलं. निघत नाही."

मी तिला सांगितलं की तो मळ नाही. रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवायचं काम इन्सुलिन करतं. पीसीओएस असलेल्या पुष्कळ जणींच्या शरीरात ते नीट लागू पडत नाही, म्हणून शरीर जास्त जास्त बनवतं. त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे मान, काख काळवंडते. घासून ती जाणार नाही, उलट सोलवटेल. उपाशी राहून संध्याकाळी एकदम खाल्लं की तेही बिघडतं.

ती ऐकत होती की नाही, कळेना. मग एकदम म्हणाली, "मावशी, तुम्ही रात्री झोपता का?"

असा प्रश्न पेशंटने विचारला की आम्ही हसून विषय बदलतो. तशी शिकवणच आहे. मला त्या दिवशी हसता आलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "उठते, पुस्तक उघडते, तेच पान पुन्हा वाचते, ठेवते."

गुडघा थांबला. "मीपण. मला वाटतं माझं अंग माझ्याशी खोटं बोलतंय आणि मी सगळ्यांशी. महिन्याचे तीन दिवस नसलेल्या पाळीसाठी बाजूला बसते. मागच्या वेळी खरी आली ती पंधरा दिवस चालली. तेव्हा चौथ्या दिवशी न्हाऊन देवघरात दिवा लावत होते, अंगावरून चालू असताना. चक्कर येत होती. आत्या म्हणाल्या, मुलगी किती शांत झाली आहे." तिने मास्क नाकावर ओढला. "होणाऱ्या नवऱ्याला सांगायचंय मला. अम्मा म्हणते, लग्न झालं की सगळं नीट होतं."

"लग्नाने नीट होत नाही."

"मला माहीत आहे. तिला सांगा."

मी दोघींना मॅडमकडे नेलं. मॅडम कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा अर्धं इंग्रजी.

"फर्स्ट, युरिन प्रेग्नन्सी टेस्ट," त्या म्हणाल्या.

पद्माबाई उठून उभ्या राहिल्या. "काय समजता तुम्ही? लग्न ठरलेली मुलगी आहे! आमच्या घरात असलं..."

"पाळी चुकलेली प्रत्येक बाई. रूल आहे. माझी बहीण आली तरी करीन."

"तुमच्या बहिणीचं लग्न झालंय!"

तारिणी मास्कच्या आत हसली. खांदे हलले, म्हणून कळलं. "अम्मा, पोदुम. पुरे. दे ती बाटली." आणि गेली.

टेस्ट अर्थातच निगेटिव्ह आली. मॅडमनी काही दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या संपल्या की पाळी येते. तिला आम्ही विथड्रॉवल म्हणतो. बीज सुटलेलं नसतं, पण गर्भाशयात साचत गेलेलं अस्तर निघून जातं. ते फार महिने साचू देणं बरं नाही, म्हणून द्यायच्या. "हा उपचार आहे," मॅडम म्हणाल्या. "डेट सेट करायचं मशीन नव्हे. लग्नासाठी ढकलायची गोळी हवी असेल तर पेशंटने मागावी. मदरने नाही. तुला हवी आहे?"

"नको," तारिणी म्हणाली.

"मग मी त्यांना संध्याकाळी काय सांगू?" पद्माबाईंनी पुन्हा पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळला.

"तू नको सांगू. मी सांगते."

फोन तिने माझ्या खोलीतूनच केला. पद्माबाई खिडकीपाशी पाठ करून उभ्या. मी बाहेर निघाले, तर तारिणीने माझा पदर धरला. मुलगा शरत, त्रिचीला नोकरी करतो. फोन स्पीकरवर नव्हता, पण त्याचा आवाज मोठा होता.

"पीसी... काय? थांब, गूगल करतो."

"गूगल करू नकोस. माझ्याकडून ऐक."

ती बोलली. पाळीचं, हनुवटीच्या केसांचं, मास्कचं, खोट्या तीन दिवसांचंही. मग शरत म्हणाला, "मी अम्माला सांगू, की तू सांगतेस?" तेवढंच. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. फोन ठेवल्यावर तारिणी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिली. पद्माबाई म्हणाल्या, "मोडलं. मोडलंच हे." मी दोघींना धीर द्यायला हवा होता. पण मीही फाइली सारख्या करत राहिले, ज्या सारख्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी शरतच्या आईचा फोन दवाखान्यात आला. मुलीबद्दल विचारायचं होतं. पेशंटबद्दल तिच्या मागे मी बोलू शकत नाही, असं मी सांगितलं. तिला घेऊन या, मग बोलू. मला वाटलं, विषय संपला. पण त्या खरंच आल्या. कुंभकोणमच्या बसने, केसात मल्लिगैचा गजरा, गुडघ्याला पट्टा बांधून. सोबत तारिणी. पद्माबाई आल्या नव्हत्या. त्यांना ताप चढला होता.

बाईंनी मॅडमना एकच प्रश्न विचारला. "मुलं होतील का?"

"गॅरंटी मी कुणाचीच देत नाही. पुष्कळ जणींना आपोआप होतात, काहींना ट्रीटमेंट लागते. आणि तुमच्या मुलाची टेस्ट मी केलेली नाही."

"त्याला काय झालंय?"

"ठाऊक नाही. तेच म्हणते मी."

बाईंनी मॅडमकडे पाहिलं, मग तारिणीकडे. "आणि तारीख?"

"तारीख नाही, अत्तै," तारिणी होणाऱ्या सासूला म्हणाली. "आत्यांनी सांगितली ती खरी नव्हती. कधी येईल ते मलाच माहीत नसतं."

बाई गुडघा चोळत म्हणाल्या, "मग उगीच डोकं का शिणवायचं? तारीखच नाही तर अडचण तरी कसली? वैशाखातला धरते. तोवर माझ्या नातवाची परीक्षा होईल." आणि उठताना तारिणीला म्हणाल्या, "ते तोंडावरचं फडकं काढ. गुदमरत नाहीस का?"

तिने ते त्या दिवशी काढलं नाही. पुढेही बरेच दिवस नाही.

वैशाखापर्यंतचे महिने माझ्या कामाचे होते. सकाळी इडली दोनच, पण सोबत वाटीभर घट्ट सांबार किंवा सुंडल, म्हणजे उकडून फोडणी दिलेले हरभरे. उपास बंद. दुपारी भात अर्धा, भाजी दुप्पट. संध्याकाळी बँक सुटली की मोठ्या देवळापर्यंत चालत जायचं आणि यायचं. लग्न ठरलेली मुलगी रोज एकटी कुठे जाते, असं कुणी विचारू नये म्हणून पद्माबाईही जाऊ लागल्या. खरं कळल्यावर नणंदबाईंचा संताप दोन आठवडे टिकला. मग त्या रोज देवळाच्या दाराशी यांची वाट पाहू लागल्या. रात्रीच्या तगमगीसाठी मॅडमनी तारिणीला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. "वेडी आहे का ती?" असं पद्माबाईंनी विचारलं, आणि पुढच्या खेपेला तिला सोडायला स्वतः गेल्या. नलंगुमावाचा डबा त्यांनी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवला. त्याबद्दल त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, तारिणीनेच सांगितलं.

वजन थोडंच उतरलं. मान तशीच होती, फक्त ओरखडे गेले. केस होते, त्यासाठी ती थ्रेडिंगला जात होती. एकदा आली आणि म्हणाली, "झोप लागते, मावशी." मी फाइलीत तेवढं लिहिलं. मॅडमनी गोळ्या थांबवून काय होतं ते पाहायचं ठरवलं.

पत्रिका द्यायला पद्माबाई आल्या तेव्हा हळदीकुंकवाचा डबा त्यांनी पिशवीतच ठेवला. यजमान जाऊन वर्षही सरलं नव्हतं. तारिणी म्हणाली, "मला चालेल, या." मी म्हटलं, "मला अजून नाही चालणार गं. गर्दीत बसवणार नाही मला." ते खरंच होतं.

लग्नाच्या दिवशी मी दवाखान्यात होते. सकाळची ओपीडी सुरू व्हायची होती. पद्माबाईंचा फोन आला. मागे नागस्वरम इतकं जोरात की त्यांना ओरडावं लागत होतं.

"अक्का, तिची पाळी आली! आत्ता, साडी नेसताना! मॅडमच्या गोळ्या नव्हत्या ना या महिन्यात?"

"नव्हत्या. आपोआप आली."

"आपोआप!" त्या रडत होत्या की हसत होत्या, मला ठरवता आलं नाही. "इतके नवस केले, अक्का, आणि आजच! मंडप भरलाय. आता काय करू?"

"तिला पॅड द्या आणि काहीतरी खायला द्या. उपाशी बसवू नका."

"अहो, ते नाही विचारत! पाटावर कशी बसवू? तिने तर जाऊन सासूला सांगूनही टाकलं!"

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, नागस्वरम वाजतंय, मला काही ऐकू आलं नाही. जा, बस जाऊन."

तारिणी बसली. लग्न लागलं. नंतर तिने फोटो पाठवला. मान हाराने अर्धी झाकलेली, अर्धी नाही. तोंडावर फक्त घाम. मी तो मॅडमना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाल्या, "गुड. स्पॉन्टेनियस सायकल, फाइलवर घ्या." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

लग्नानंतर तारिणीची पाळी पुन्हा दोन महिने चुकली. ती आली, टेस्ट केली, सुंडलाचा कंटाळा आल्याचं सांगून गेली. हे असंच चालणार आहे.

माझ्या कामात एकच बदल झाला. पूर्वी फॉर्म भरताना मी विचारायची, "पाळी नियमित आहे का?" आणि शेजारी बसलेली आई "हो" म्हणायची. आता मी आईला आधी कॉरिडॉरमध्ये पाठवते, आणि मग विचारते.